सार्जंट पेपर: टेप एकच, तबकड्या दोन

जून १९६७ मध्ये इंग्लंडात बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्‌स क्लब बँड' विकत घ्यायचा तर आधी एक निवड करावी लागे. पार्लोफोन पीएमसी ७०२७ ही मोनो तबकडी, म्हणजे सगळा आवाज एकत्र देणारी; पीसीएस ७०२७ ही स्टिरिओ, डाव्या-उजव्या स्पीकरमधून वेगवेगळा आवाज देणारी. मुखपृष्ठावरची गर्दी तीच, गाणी तीच तेरा, क्रमही तोच. मात्र पहिल्या बाजूवरचं सहावं गाणं, 'शीज लीव्हिंग होम', मोनो तबकडीवर पांढरी चारमध्ये आहे आणि स्टिरिओ तबकडीवर पांढरी तीनमध्ये.

पेटीवर हात बसलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. या दोन पट्ट्यांच्या मध्ये काळी पट्टी नाही. अंतर अर्ध्या स्वराचं. गळा तोच, व्हायोलिनं तीच, मूळ टेपही तीच, तरी एकीकडे गाणं चढं लागतं आणि साडेतीन मिनिटांत नऊ-दहा सेकंद लवकर संपतं.

मोनो-स्टिरिओबद्दलचा सर्वसाधारण समज असा की स्टिरिओ हे मूळ ध्वनिमुद्रण, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजू एक करून स्वस्तातल्या यंत्रांसाठी काढलेली आवृत्ती म्हणजे मोनो. पुष्कळ रेकॉर्डच्या बाबतीत ते खरंही आहे. इथे ते लागू पडत नाही. अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबून 'सार्जंट पेपर'ची स्टिरिओ तबकडी लावून बघा. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज येईल, पण 'शीज लीव्हिंग होम' पांढरी तीन सोडणार नाही. १९६७ चं मोनो मिक्स, म्हणजे टेपवरचे सुटे आवाज मिसळून केलेली पक्की प्रत, स्वतंत्रपणे बसून केलेलं होतं. आधी ते झालं, स्टिरिओ मागाहून उरकलं गेलं. असं का झालं आणि त्यामुळे गाण्यांत काय काय बदललं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

चार ट्रॅकचा संसार

हे सगळं घडलं ते लंडनच्या ॲबी रोडवरच्या, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. स्टिरिओ या कंपनीला नवा मुळीच नव्हता. ईएमआयच्याच ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. १९३४ मध्ये याच इमारतीत टॉमस बीचम मोझार्ट वाजवून घेत असताना ब्लमलाइनने प्रयोग म्हणून स्टिरिओ मुद्रणही केलं होतं. १९५८ पासून स्टिरिओ एलपी बाजारात होत्या. पण त्यांचा गिऱ्हाईक म्हणजे सिंफनी ऐकणारा, बैठकीच्या खोलीत दोन स्पीकर मांडण्याइतकी ऐपत आणि जागा असलेला गृहस्थ. पॉप ऐकणाऱ्या पोरांकडे असे ते डॅन्सेट: झाकणाची पेटी, आत एकच स्पीकर. रेडिओ मध्यम लहरींवरचा, तोही मोनोच. गाणं चालणार की पडणार याचा निकाल या दोन ठिकाणी लागायचा. म्हणून निर्माता जॉर्ज मार्टिन आणि बीटल्सचे चौघे यांच्या लेखी अल्बम म्हणजे मोनो. दोन स्पीकर हवेतच कशाला, असं आपल्याला तेव्हा वाटलं होतं आणि स्टिरिओत आपला आवाज उघडावाघडा वाटायचा, असं त्या चौघांतल्या जॉर्ज हॅरिसनने पुढे सांगून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट यंत्राची. स्टुडर जे३७ हे त्यांचं टेप यंत्र. एक इंच रुंदीची टेप आणि तिच्यावर चार ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळा घ्यायच्या चार पट्ट्या. आज फोनवरच्या फुकटच्या ॲपमध्येही याहून जास्त ट्रॅक मिळतात. ड्रम, बास, दोन गिटार, पियानो, तीन आवाज, वर पितळी वाद्यं एवढा प्रपंच चार ट्रॅकमध्ये बसणं अशक्यच. त्यावर उपाय असा की चार ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढची वाद्यं घ्यायची. कधी हे एकदा, कधी दोनदा. अडचण अशी की एकदा भातावर वरण ओतून कालवलं की ते पुन्हा वेगळं काढता येत नाही. ड्रम, गिटार आणि पियानो एका ट्रॅकवर गेले की ते तिघे जन्माचे एकत्र. त्यांतला फक्त ड्रम वाढवणं शक्य नाही आणि फक्त गिटार उजवीकडे सरकवणंही शक्य नाही.

मोनो मिक्स करताना याचा फारसा त्रास होत नाही, कारण शेवटी सगळं एकाच स्पीकरमधून बाहेर पडायचं असतं. ट्रॅक एकत्र करतानाच सगळ्यांचा तोल मोनोच्या हिशेबाने बांधलेला असे. स्टिरिओ करायला बसलं की मात्र हाती उरतात चार गठ्ठे, आणि प्रश्न एवढाच की कुठला गठ्ठा कुठल्या बाजूला टाकायचा. जुन्या स्टिरिओत एका कानात सगळा ताल आणि दुसऱ्या कानात फक्त गाणारा असा प्रकार ऐकू येतो त्याचं मूळ इथे आहे. हेडफोन लावून तो ऐकताना एक कान बधिर झाल्यासारखं वाटतं. त्यात कोणाची कल्पकता शोधायला जाऊ नये. गठ्ठे चार होते आणि बाजू दोन.

एका बाबतीत मात्र या अल्बमची सोय झाली होती. पॉल मॅकार्टनी आपला बास बऱ्याचदा सगळ्यात शेवटी, रात्री उशिरा, वेगळ्या ट्रॅकवर वाजवायचा. त्यामुळे मिक्सच्या वेळी बास मोकळा असे, हवा तेवढा पुढे आणता येई. मोनो तबकडीवर बास जो अंगावर येतो त्याचं श्रेय या सवयीला.

खोलीत कोण होतं

मोनो तीन आठवडे आणि स्टिरिओ तीन दिवस, असं या अल्बमबद्दल सर्रास सांगितलं जातं. ऐकायला छान, पण त्यातून अल्बम पुरा झाल्यावर सलग तीन आठवडे मोनोचं काम चाललं असं चित्र उभं राहतं. तसं झालं नव्हतं. एकेक गाणं होईल तसं त्याचं मोनो मिक्स होत गेलं, पुष्कळदा मुद्रण संपल्या संपल्या. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक, वय अवघं २१. टेप यंत्रावर रिचर्ड लश. खुर्चीत मार्टिन. आणि पाठीमागे बीटल्स, पसंत नाही म्हणायला मोकळे. मिक्स आवडलं नाही तर पुन्हा, आणि गाणंच आवडलं नाही तर खाली जाऊन त्यात आणखी काही वाजवायचं.

शीर्षकगीताची छोटी, जलद पुनरावृत्ती शेवटाकडे येते, तिचं उदाहरण बोलकं आहे. ती १ एप्रिल १९६७ ला एका बैठकीत वाजवून झाली आणि त्याच बैठकीत तिचं मोनो मिक्सही झालं. कारण ३ तारखेला मॅकार्टनी अमेरिकेला निघणार होता. तिचं स्टिरिओ मिक्स झालं २० एप्रिलला. इतर गाण्यांच्या स्टिरिओची मोठी बैठक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली, तेव्हा मॅकार्टनी देशातच नव्हता. मार्टिन, एमरिक आणि लश या तिघांनी ते काम निपटलं. लशने पुढे स्पष्टच सांगितलं की या अल्बमचं खरं रूप म्हणजे मोनो.

आता कलावंत हजर होता म्हणून काम चांगलं, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. कलावंताच्या हजेरीत बिघडलेली मिक्सही कमी नाहीत, आणि मार्टिन काही ऐरागैरा नव्हता. पीटर सेलर्सच्या विनोदी तबकड्यांपासून आवाजाचे खेळ करण्यात त्याचा हात बसलेला होता. हजेरीचा खरा परिणाम वेगळाच आहे. बीटल्स समोर असताना मिक्स करणं हा गाणं रचण्याचाच भाग होत होता, त्यातले बरेच निर्णय फक्त मिक्समध्ये घेतले गेले आणि ते कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. ही गोष्ट नीट समजायला केन टाउनसेंडच्या करामतीकडे वळावं लागेल.

टाउनसेंडचं चाक

जॉन लेननला आपला आवाज दुहेरी ऐकायला आवडे, पण तेच गाणं दुसऱ्यांदा तंतोतंत गायचा त्याला कंटाळा. १९६६ मध्ये स्टुडिओतला तंत्रज्ञ केन टाउनसेंड याने त्यावर तोड काढली. मूळ टेपवरचा आवाज दुसऱ्या टेप यंत्राकडे पाठवायचा, तिथून तो काही हजारांश सेकंदांनी उशिरा परत आणायचा आणि मूळ आवाजाशेजारी ठेवायचा. कानाला वाटतं दोन जण गाताहेत. दुसऱ्या यंत्राच्या मोटरचा वेग एका ऑसिलेटरवर, म्हणजे विजेचे कंप निर्माण करणाऱ्या उपकरणावर, चाले आणि त्याचं चाक हाताने फिरवता येई. चाक सावकाश पुढे-मागे केलं की दोन आवाज एकमेकांत शिरतात, बाहेर पडतात, आणि मधेच एक घोंगावणारी, पाण्याखालून आल्यासारखी छटा येते. मार्टिनने लेननला याचं स्पष्टीकरण म्हणून काहीतरी अगडबंब शास्त्रीय नाव थट्टेत ठोकून दिलं, त्यातला 'फ्लँज' हा शब्द लेननने उचलला.

कळीचा मुद्दा असा की ही करामत बहुतेक वेळा मिक्स करतानाच व्हायची. मूळ चार ट्रॅकच्या टेपवर तिचा मागमूस नाही. मोनोसाठी मार्चमध्ये कुणीतरी चाक एका तऱ्हेने फिरवलं. स्टिरिओसाठी एप्रिलमध्ये पुन्हा फिरवलं, तेव्हा हात निराळा, मूड निराळा, घाई निराळी. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, हाताने, चाक हाताने, टेपचा वेगही हाताने. आज संगणक प्रत्येक हालचाल लक्षात ठेवतो आणि हजार वेळा तशीच करून दाखवतो. तेव्हा मिक्स हीसुद्धा एक बैठक होती. दोन मैफलींत एकच बंदिश सारखी उतरत नाही, यात कुणाला नवल वाटत नाही; इथेही वाटायचं कारण नाही.

'लूसी इन द स्काय विथ डायमंड्‌स' लागोपाठ दोन्हीकडे ऐका. मोनोत लेननच्या आवाजावर ती घोंगावणारी छटा दाट आहे, गाणं किंचित संथ आहे आणि सगळं मिळून झोपेत ऐकल्यासारखं लागतं. स्टिरिओत आवाज स्वच्छ, गाणं जरा लगबगीचं. शब्द आहेत सेलोफेनच्या फुलांचे आणि कॅलिडोस्कोपसारख्या डोळ्यांच्या मुलीचे. त्यांना धूसरपणाच शोभतो. स्टिरिओ ऐकून 'एवढं काय आहे त्यात?' म्हणणाऱ्याला मोनो ऐकवलं की बहुतेकदा वाद तिथेच मिटतो.

गाणं घरातून निघून जातं

आता सुरुवातीच्या गाण्याकडे. 'शीज लीव्हिंग होम'मध्ये चौघांपैकी कुणीच काही वाजवलेलं नाही. मॅकार्टनी आणि लेनन फक्त गातात. साथीला तंतुवाद्यं आणि हार्प. मार्टिनला त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून मॅकार्टनीने उतावीळपणे वाद्यमेळाचं काम माइक लिअँडरला दिलं. मार्टिन दुखावला, तरी १७ मार्चला स्टुडिओत उभं राहून त्यानेच ते वाजवून घेतलं. हार्पवर शीला ब्रॉम्बर्ग होत्या. बीटल्सच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २० मार्चला आवाज घेतले आणि मग मोनो मिक्स करताना टेप जोरात फिरवली. महिनाभराने स्टिरिओ झालं तेव्हा टेप मूळ वेगाने चालली.

पहाटे पाच वाजता चिठ्ठी ठेवून घर सोडणाऱ्या मुलीचं हे गाणं. स्टिरिओतल्या संथ लयीत ते रडवं होतं. चेलो ओढत राहतात, लेननच्या तोंडी घातलेली आईवडिलांची तक्रार लांबत जाते, आणि ऐकणारा नकळत म्हाताऱ्यांच्या बाजूला झुकतो. मोनोत मॅकार्टनीचा आवाज तरुण होतो, तीन मात्रांचा ठेका अंग धरतो आणि गाणं मुलीबरोबर चालू लागतं. आईवडिलांचं दुःख तेवढंच राहतं, पण ती मागे वळून बघत नाही. मला मोनो जास्त पटतं. दुसऱ्या पक्षात माझे काही जाणकार मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, वेगाने तंतुवाद्यांचा गळा आवळला जातो आणि हार्पचा गोडवा पातळ होतो. वाद्यांपुरतं त्यांचं बरोबर आहे. स्टिरिओत टेप मूळ वेगाने चाललेली आहे, आणि टेपचा वेग बदलला की वाद्यांची जात बदलते हे कुठल्याही कसलेल्या कानाला कळतं.

शेवटाकडच्या त्या पुनरावृत्तीत मात्र दुसरं मत असायला जागा नाही. मोनोत सुरुवातीला प्रेक्षकांचा गलका मोठा आणि जिवंत, ड्रम छातीवर बसणारा, आणि संपता संपता मॅकार्टनी घसा फोडून गर्दीला उद्देशून ओरडतोय हे स्पष्ट ऐकू येतं. स्टिरिओत तो आरडाओरडा जवळजवळ बुडाला आहे. ज्याचा आवाज बुडाला तो खोलीत असता तर तसं होऊ दिलं असतं का? सव्वा मिनिटाच्या या तुकड्यावर मी एरवी एवढं बोललो नसतो, पण मोनो ऐकलं की हा एक रॉक बँड होता हे तिथे धाडकन आठवतं. बाकीच्या अल्बममध्ये ते विसरायला होतं.

'फिक्सिंग अ होल'मध्ये मोनोचा शेवट थोडा लांब आहे, एवढंच. अशा बारीकसारीक फरकांच्या याद्या करण्याची हौस असलेल्यांना हा अल्बम आयुष्यभर पुरेल. मला त्यात फारसा रस नाही.

जिथे स्टिरिओ जिंकतं

मोनोच्या भक्तांना दोन गाण्यांवर गप्प बसावं लागतं. पहिलं 'गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग'. याच्या शेवटी लेननला प्राण्यांचे आवाज हवे होते, आणि तेही अशा क्रमाने की पुढचा प्राणी आधीच्याला घाबरवेल किंवा खाऊन टाकेल. त्यातली घोड्यांची आणि शिकारी कुत्र्यांची धावपळ स्टिरिओत खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. मोनोत ती जागेवरच धावते. असल्या गंमतीसाठीच स्टिरिओ जन्माला आला असावा.

दुसरं 'अ डे इन द लाइफ', आणि इथे मामला गंमतीचा नाही. १० फेब्रुवारीला मोठ्या स्टुडिओत ४० वादक बसवले आणि प्रत्येकाला सांगितलं की वाद्याच्या सगळ्यात खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत ठरलेल्या मात्रांमध्ये आपापल्या चालीने चढत जा. हे चार वेळा घेतलं, म्हणजे कानाला १६० वादक. एका यंत्रावर ते मावेना म्हणून टाउनसेंडने दोन चार-ट्रॅक यंत्रं एका विजेच्या संकेताने जोडून एकत्र चालवली. दोन्ही सुरू मात्र हातानेच करायची, त्यामुळे ती दर वेळी एकाच क्षणी निघतील याची खात्री नाही. असला डोलारा एका स्पीकरमधून बाहेर काढला की तो भिंतीसारखा सपाट होतो. स्टिरिओत तो चहूकडून वर उठतो. लेननचा आवाज गाण्याच्या ओघात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत जातो, जणू बातम्या वाचणारा माणूस खोलीतून चालला आहे. आणि शेवटचा तो पियानोंचा स्वरसमूह: तीन पियानोंवर एकदम हात आपटले आणि नाद विरत जाईल तसे फेडर वर चढवत नेले, इतके की अखेरीस खोलीतली बारीक खुडबुडही टेपवर आली. तो नाद पसरायला जागा लागते. मोनोत ती नाही.

हेच गाणं स्टिरिओत का साधलं, याचं उत्तर तारखांत आहे. बाकीच्या गाण्यांचं स्टिरिओ एप्रिलसाठी ठेवलं गेलं. याचं फेब्रुवारीतच, मोनोच्या बरोबरीने झालं. गाणं अजून हातात गरम होतं. म्हणजे दोष दोन स्पीकरांचा नव्हता, नंतर उरकण्याचा होता.

मुंबईला निघालेलं यंत्र

हॅरिसनच्या हिंदुस्थानी संगीताच्या नादातून या अल्बमवर 'विदिन यू विदाउट यू' आलं. त्यात दिलरुबा, तबला, स्वरमंडळ, तानपुरा आहेत. ते वाजवणारे लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे. आदल्या वर्षी सप्टेंबरात हॅरिसन मुंबईत येऊन ताजमध्ये उतरला होता आणि रविशंकरांकडे सतार शिकत होता. पण मोनो-स्टिरिओच्या दृष्टीने जास्त मासलेवाईक आहे ती त्याची जानेवारी १९६८ ची मुंबई फेरी. एका चित्रपटाचं संगीत करायला तो फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला, तर तिथे यंत्र मोनोचं. तेव्हा ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र रेल्वेने मुंबईला आणवलं. दोन स्पीकर कशाला हवेत म्हणणाऱ्या माणसासाठी!

त्याच मुक्कामात इथल्या वादकांकडून 'द इनर लाइट'चं संगीत वाजवून घेतलं गेलं. मार्च १९६८ मध्ये ते गाणं बीटल्सच्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूवर आलं, आणि आलं ते मोनोत. त्याचं स्टिरिओ मिक्स लंडनला झालं जानेवारी १९७० मध्ये. दोन ट्रॅकचं यंत्र अख्खा देश ओलांडून येतं आणि त्यावरचं गाणं पुढची दोन वर्षं एकाच स्पीकरपुरतं राहतं. प्राधान्य कशाला होतं याचा याहून सरळ पुरावा शोधायला नको.

मोनो कसं नाहीसं झालं

वारं लवकरच फिरलं. अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९६८ मध्ये मोनो एलपी काढणं थांबवलं. नोव्हेंबर १९६८ चा पांढऱ्या मुखपृष्ठाचा दुहेरी अल्बम हा बीटल्सचा स्वतंत्र मोनो मिक्स असलेला शेवटचा. तोही मोनोत मिळाला इंग्लंडात, अमेरिकेत नाही. त्यानंतरच्या 'यलो सबमरीन'चं मोनो म्हणजे खरोखरच स्टिरिओच्या दोन बाजू एक करून काढलेलं, आणि 'ॲबी रोड' आला तो फक्त स्टिरिओत.

मग दुकानांतून मोनो गेलं आणि घाईत केलेलं स्टिरिओ हाच 'सार्जंट पेपर' झाला. १ जून १९८७ ला, बरोबर वीस वर्षांनी, सीडी आली तीही स्टिरिओच. १९७० नंतर बीटल्स ऐकू लागलेल्या जवळजवळ सगळ्यांनी, आपल्याकडच्या कॅसेटवाल्या पिढीसकट, ज्या अल्बमची एवढी कीर्ती ऐकली त्याचं दुय्यम रूपच ऐकलं. अनेकांना तो जरा पातळ वाटला, आणि तसं म्हणायची चोरी झाली. ९ सप्टेंबर २००९ ला मोनो सीडींचा संच निघाला तेव्हा पहिल्यांदा सर्वसामान्य श्रोत्याला ताडून बघता आलं. २०१४ मध्ये मोनो तबकड्याही पुन्हा काढल्या, मधे संगणक न आणता, थेट टेपवरून.

इथे एक खबरदारी घ्यावी. 'सार्जंट पेपर'चा निकाल सगळ्या साठच्या दशकाला लावण्याची सवय मोनोप्रेमींना जडली आहे. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) ब्रायन विल्सनने फक्त मोनोतच केला. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नसे. तिथे तुलना करायला १९६६ चं स्टिरिओ नाहीच, १९९७ मध्ये निघालेलं, मार्क लिनेटने केलेलं आहे, आणि ते सवडीने आणि काळजीने केलेलं आहे. उलट अमेरिकेत कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने कित्येक मोनो गाण्यांना विजेच्या करामतीने खोटं स्टिरिओ करून विकलं, ते दोन्हींहून वाईट. प्रत्येक वेळी विचारायचं ते एवढंच की हे कोणी, केव्हा आणि कशावर ऐकण्यासाठी केलं.

पन्नास वर्षांनी तिसरं मिक्स

२६ मे २०१७ ला मार्टिनचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी केलेलं नवं स्टिरिओ मिक्स आलं. त्यांच्या हाती एक असं भांडवल होतं जे १९६७ मध्ये कुणाला वापरता आलं नव्हतं. ट्रॅक एकत्र करण्याआधीच्या पहिल्या पिढीच्या टेपा ईएमआयने जपून ठेवल्या होत्या. त्या संगणकावर घेऊन एकमेकांशी जुळवल्या की एकत्र झालेली वाद्यं त्यांच्या मूळ रूपात पुन्हा सुटी मिळतात. त्यामुळे ड्रम आणि मुख्य आवाज मध्यभागी ठेवता आले आणि एका कानात ताल, दुसऱ्या कानात गाणं हा जुना प्रकार संपला. दिशादर्शक म्हणून जाइल्सने समोर ठेवलं ते वडिलांचं मोनो. 'शीज लीव्हिंग होम' पांढरी चारमध्ये गेलं. 'लूसी'तला घोंगावणारा आवाज परत आला.

स्टिरिओची रुंदी आणि मोनोचे निर्णय, असा हा मधला मार्ग आहे, आणि नव्याने ऐकणाऱ्याला मी तोच सुचवतो. तक्रार एकच. सगळं इतकं सुटं आणि नेटकं ऐकू येतं की चार ट्रॅकमध्ये कोंबलेल्या वाद्यांची आपसातली ढकलाढकली कमी झाली आहे. मोनोत डावं-उजवं नसतं, फक्त पुढे-मागे असतं. एका वाद्याला पुढे यायचं तर दुसऱ्याला मागे रेटावंच लागतं. एमरिकने त्या रेटारेटीतून जो दणका काढला होता तो २०१७ च्या मिक्समध्ये पूर्ण उतरलेला नाही, विशेषतः शीर्षकगीतात.

ज्यांना ताडून बघायचं आहे त्यांच्यासाठी त्याच वर्षीच्या मोठ्या संचात चौथ्या सीडीवर मोनो अल्बम अख्खा दिलेला आहे. तो हेडफोनवर ऐकू नका, सगळं कपाळाच्या मध्यावर गोळा होतं. एकच बरा स्पीकर घ्या, खोलीत समोर ठेवा, आवाज थोडा मोठा करा. आधी पुनरावृत्तीचं छोटं गाणं लावा, मग 'लूसी'. 'अ डे इन द लाइफ' आलं की थांबा, दुसरा स्पीकर जोडा आणि १९६७ चं जुनं स्टिरिओ लावा.